बांधकामावरचा डायव्हर: प्रशिक्षण कोणतं, प्रमाणपत्र कुठलं आणि त्यापुढे काय लागतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: हौशी स्कूबाचं प्रगत कार्ड हातात आहे, जमिनीवरचं वेल्डिंग चांगलं येतं आणि आता पूल, धक्के, धरणं यांच्या पाण्याखालच्या कामावर व्यावसायिक डायव्हर म्हणून उतरायचं आहे. कोणता कोर्स करावा, कोणतं प्रमाणपत्र कुठे चालतं, किती काळ लागतो आणि वेल्डिंगचा फायदा होईल का?

आधी दोन गोष्टी स्पष्ट करतो. स्कूबाच्या कार्डाचा या धंद्यात जवळजवळ काहीच उपयोग नाही. तुम्हाला पाण्याची भीती वाटत नाही एवढंच त्यातून कळतं. वेल्डिंगचा उपयोग आहे, पण तुम्ही समजताय त्यापेक्षा कमी. फिटरचं काम, रिगिंग (भार बांधून उचलणं), शटरिंग, हायड्रॉलिक अवजारांची दुरुस्ती यांतलं काही येत असेल तर ते जास्त कामाला येईल. पाण्याखाली जाणं ही फक्त कामावर पोचायची वाट आहे. पगार मिळतो तो तिथे पोचल्यावर हातांनी जे करता त्याचा.

हौशी डायव्हर स्वच्छ पाणी निवडतो, जोडीदाराबरोबर उतरतो, हवा पाठीवर घेऊन जातो आणि वाटलं की वर येतो. बांधकामावर यातलं काहीच नसतं. पाणी बहुधा इतकं गढूळ असतं की हेल्मेटच्या काचेसमोर धरलेला हात दिसत नाही. डायव्हर एकटा, जड वजनं बांधून गाळात उभा किंवा गुडघ्यावर असतो, हवा वरून नळीने येते आणि त्याच्या श्वासाचा आवाज वर सुपरवायझरच्या स्पीकरवर सतत ऐकू येत असतो. कधी उतरायचं, किती वेळ थांबायचं, कधी वर यायचं हे सुपरवायझर ठरवतो. हौशी डायव्हिंगमधली ‘मी माझं बघून घेईन’ ही सवय मोडायलाच कोर्सचे पहिले दोन आठवडे जातात.

स्कूबा बांधकामाला का चालत नाही याची कारणं साधी आहेत: हवा मोजकी, वरून खोली कळत नाही, बहुतेक वेळा बोलणं होत नाही आणि माणूस अडकला तर त्याच्यापर्यंत नेणारी नळी नसते. अमेरिकेतल्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांनुसार कामासाठी स्कूबा १३० फुटांपलीकडे वापरता येत नाही. डायव्हरला दोरीने धरलेलं नसेल तर १ नॉटपेक्षा जोरात वाहणाऱ्या पाण्यातही नाही. म्हणून तुम्हाला हवं ते प्रशिक्षण म्हणजे ‘सरफेस सप्लाइड’ डायव्हिंग, म्हणजे वरून नळीने हवा घेऊन केलेलं. कोर्सच्या नावात किंवा प्रमाणपत्रावर हे शब्द नसतील तर पुढे वाचू नका.

कोणतं प्रमाणपत्र?

जगभर चालणारा एकच परवाना नाही. आधी कुठल्या देशात आणि कुठल्या प्रकारच्या कामावर जायचं ते ठरवा, तिथल्या दोन-तीन कंत्राटदारांना ते काय मागतात ते विचारा आणि मगच फी भरा. बरेच जण उलटं करतात आणि वर्षभराने कळतं की हातातलं कार्ड त्या देशात धरत नाहीत.

ब्रिटनमध्ये १९९७ च्या ‘डायव्हिंग ॲट वर्क’ नियमांखाली हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह मान्य पात्रतांची यादी ठेवते. त्या यादीतली पात्रता आणि चालू वैद्यकीय प्रमाणपत्र नसेल तर कामावर डाइव्ह करता येत नाही. तिथे किनाऱ्यालगतच्या व अंतर्गत पाण्याच्या कामासाठी सरफेस सप्लाइडची मूळ पात्रता पुरते. समुद्रातल्या तेल-वायूच्या कामाला वर ‘टॉप-अप’, म्हणजे जोड-कोर्स, लागतो.

इंटरनॅशनल डायव्हिंग स्कूल्स असोसिएशनची पातळीवार मांडणी समजायला सर्वांत सोपी आहे. पातळी १ म्हणजे ३० मीटरपर्यंत स्कूबा, पातळी २ म्हणजे ३० मीटरपर्यंत सरफेस सप्लाइड, पातळी ३ म्हणजे ५० मीटरपर्यंत, ज्यात वेट बेल (डायव्हरला खाली नेणारा, खालून उघडा पाळणा) आणि गरम पाण्याचा सूट येतो, आणि पातळी ४ म्हणजे क्लोज्ड बेल (दाब राखणारी बंद कुपी). ऑस्ट्रेलियातल्या ‘ॲडास’ या डायव्हर-प्रमाणन योजनेचे भाग १ ते ४ साधारण याच धर्तीवर आहेत. कॅनडात सीएसए झेड२७५.४ या मानकानुसार क्षमता तपासतात आणि डायव्हर सर्टिफिकेशन बोर्ड कार्ड देतं. दक्षिण आफ्रिकेत क्लास ३ म्हणजे ३० मीटर आणि क्लास २ म्हणजे ५० मीटर.

अमेरिकेचा रस्ता वेगळा आहे. तिथे खोलीपेक्षा तास मोजतात. किमान प्रशिक्षणाचं मानक ६२५ तासांचं आहे. आठवड्याला ४० तास धरले तर सोळा आठवडे, प्रत्यक्षात चार-पाच महिने. एवढं झाल्यावर असोसिएशन ऑफ डायव्हिंग काँट्रॅक्टर्स इंटरनॅशनलचं जे पहिलं कार्ड मिळतं त्यावर ‘एंट्री लेव्हल टेंडर/डायव्हर’ असं असतं. शब्दांचा क्रम बघा: टेंडर (डायव्हरची नळी धरणारा) आधी, डायव्हर नंतर. पुढची श्रेणी कामावरचे दिवस आणि नोंदवलेल्या डाइव्ह दाखवल्यावरच मिळते.

जाहिरातींतला एक सापळा सांगून ठेवतो. ‘इम्काचं डायव्हर सर्टिफिकेट मिळेल’ असं कोणी सांगत असेल तर सावध व्हा. इम्का म्हणजे इंटरनॅशनल मरीन काँट्रॅक्टर्स असोसिएशन डायव्हरना प्रमाणपत्र देत नाही. ती इतरांची प्रमाणपत्रं मान्य करते, त्यांची यादी प्रसिद्ध करते आणि स्वतः फक्त सुपरवायझर व लाइफ सपोर्टच्या लोकांना प्रमाणित करते. प्रशालेला विचारायचा नेमका प्रश्न: तुमच्या प्रमाणपत्रावर कोणत्या संस्थेचं नाव छापलेलं असतं, आणि ते नाव मला काम करायचंय त्या देशाच्या यादीत आहे का?

बांधकामापुरतं बोलायचं तर बहुतेक काम ३० मीटरच्या आत असतं, आणि धक्के व पुलांचं तर १५ मीटरच्या आतच. ३० मीटरची पात्रता घेऊन सुरुवात करण्यात काहीच कमीपणा नाही. ५० मीटरची पात्रता जहाजावरून होणाऱ्या कामासाठी आहे. सॅच्युरेशन डायव्हिंगच्या (दिवसेंदिवस दाबाखालच्या बंद चेंबरमध्ये राहून करायच्या खोल कामाच्या) पगाराचे आकडे ऐकून थेट तिकडे बघणाऱ्यांना इतकंच सांगेन की कार्ड मिळालं तरी अनुभवाशिवाय त्या चेंबरमध्ये कोणी घेत नाही.

फी भरण्याआधी डॉक्टर

डायव्हिंगची वैद्यकीय तपासणी त्यासाठी मान्यता असलेल्या डॉक्टरकडूनच करून घ्यायची. नेहमीच्या डॉक्टरचं ‘तंदुरुस्त’ चालत नाही. ब्रिटनच्या नियमात या प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त १२ महिने आहे. इतरत्रही वर्षाला तपासणी हीच रीत. फुप्फुसांची क्षमता, कानाचे पडदे आणि ऐकणं, ईसीजी, श्रमाची चाचणी, दात, सांधे आणि मज्जासंस्था बघतात. मज्जासंस्थेची नोंद सुरुवातीलाच नीट असणं तुमच्याच फायद्याचं असतं. पुढे कधी बेंड्सची (लवकर वर आल्याने अंगात वायूचे बुडबुडे होण्याची) शंका आली तर तुलनेला ती लागते.

आपोआप फुप्फुस फुटल्याचा म्हणजे न्यूमोथोरॅक्सचा इतिहास किंवा फेफरं असेल तर रस्ता बहुधा तिथेच संपतो. दमा, मधुमेह, कानाची शस्त्रक्रिया यांत डॉक्टर प्रत्येक माणसाचं वेगळं ठरवतो. लपवून काही उपयोग नाही. हवा अडकलेलं फुप्फुस वर येताना फुटतं, आणि त्याला ३० मीटर लागत नाहीत; श्वास रोखून दोन मीटरवरून वर आलं तरी पुरतं.

कोर्समध्ये काय शिकाल

भौतिकशास्त्रापासून सुरुवात होते आणि ते घोकून भागत नाही. पृष्ठभागावर १ बार दाब असतो आणि दर १० मीटरला १ बार वाढतो. म्हणजे २० मीटरवर तुम्ही ३ बारमध्ये श्वास घेता आणि तिप्पट हवा खर्च करता. याचा उपयोग बेलआउटच्या हिशोबात बघा. बेलआउट म्हणजे मुख्य हवा गेली तर वापरायची पाठीवरची बाटली. १२ लिटरची बाटली २०० बारला भरलेली. तळाचे साधारण २० बार हिशोबात धरायचे नाहीत. उरले १८० बार, म्हणजे २,१६० लिटर. मिनिटाला ४० लिटर श्वास धरला तर २० मीटरवर १२० लिटर लागतात, म्हणून १८ मिनिटं. पण नळी तुटलेली असताना कोणी ४० लिटरने श्वास घेत नाही. ७५ धरा, की तीच बाटली साडेनऊ मिनिटांवर येते. अंबिलिकलच्या (डायव्हरला वरशी जोडणाऱ्या नळ्या-तारांच्या जुडग्याच्या) दर १० मीटरला किमान एक मिनिट ही जुनी मोजपट्टी यातून जेमतेम पार पडते. दर डाइव्हआधी प्रत्यक्ष खोली घालून हा हिशोब करायचा, पाठ केलेला आकडा वापरायचा नाही.

मग साहित्य. हेल्मेटला कामावर ‘हॅट’ म्हणतात. नेक डॅम (मानेभोवतीचं रबरी सील), योक, साइड ब्लॉक (हेल्मेटच्या बाजूचा, हवा आत येते तो ठोकळा), डिमांड रेग्युलेटर, फ्री-फ्लो व्हॉल्व्ह, बेलआउटचा इमर्जन्सी व्हॉल्व्ह हे सगळं डोळे मिटून हाताला सापडलं पाहिजे. साइड ब्लॉकमधला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा उलट जाऊ न देणारा) दर दिवशी तपासायचा. पाण्याबाहेर नळी फुटली आणि हा व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर हेल्मेटमधला दाब वरच्या दिशेने निघून जातो आणि बाहेरचं पाणी चेहरा व छातीला आत दाबतं. पूर्वी याने माणसं गेली आहेत. तो व्हॉल्व्ह नंतर आला. अंबिलिकलमध्ये हवेची नळी, बोलण्याची तार, भार घेणारी दोरी आणि न्यूमो असतं. न्यूमो म्हणजे डायव्हरच्या छातीपाशी उघडी राहणारी बारीक नळी. वरून हवा सोडून तिच्यातलं पाणी बाहेर ढकललं की पॅनलवरच्या (वरून हवा सोडायच्या फलकावरच्या) गेजवर खोली दिसते. हीच नळी अडचणीच्या वेळी नेक डॅमखालून हेल्मेटात घालून हवा घेता येते, आणि चांगल्या प्रशालेत ती कसरत डोळ्यांवर पट्टी बांधून करून घेतात.

पॅनलवर दोन स्वतंत्र हवापुरवठे हवेत, आणि स्टँडबाय (मदतीला उतरायला तयार बसलेल्या) डायव्हरची हवा मुख्य डायव्हरच्या पुरवठ्यावर अवलंबून नसावी. कॉम्प्रेसरचं तोंड कुठे आहे हे बघायची सवय लावून घ्या. बार्जवर (सपाट तराफ्यासारख्या जहाजावर) वारा फिरला की जनरेटरचा धूर सरळ आत जातो. युरोपच्या ईएन १२०२१ मानकात श्वासाच्या हवेत कार्बन मोनॉक्साइड ५ पीपीएमपेक्षा आणि तेल घनमीटरला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. पृष्ठभागावर जरासं डोकं जड करणारा वायू ३ बारमध्ये तिप्पट परिणाम करतो.

डीकम्प्रेशन, म्हणजे दाबात अंगात विरघळलेला वायू वर येताना थांबे घेत सावकाश बाहेर पडू देणं, हा कोर्सचा कणा. अमेरिकन नौदलाच्या तक्त्यांत १०० फुटांना, म्हणजे सुमारे ३० मीटरला, थांबे न घेता २५ मिनिटं मिळतात. ४० फुटांना, म्हणजे सुमारे १२ मीटरला, १६३ मिनिटं. बांधकामाचं काम उथळ असतं म्हणून तक्त्यांकडे दुर्लक्ष होतं, आणि चूक तिथेच होते: १२ मीटरवर तीन तास राबणारा डायव्हर मर्यादेबाहेर गेलेला असतो. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटर. धरण डोंगरात असेल तर उंचीची दुरुस्ती करावी लागते, कारण वर हवेचा दाब कमी असतो आणि समुद्रसपाटीचा तक्ता तिथे अपुरा पडतो. थंडी आणि अंगमेहनत या दोन्हींसाठी तक्त्यात एक पायरी पुढचं बघायची पद्धत आहे.

बेंड्समध्ये सगळ्यांत जास्त नुकसान उशिरा सांगण्याने होतं. खांदा दुखतोय, पण दिवसभर ब्रेकर धरला होता म्हणून असेल, असं म्हणून माणूस झोपतो. डाइव्हनंतरचं कोणतंही दुखणं, मुंग्या, विचित्र थकवा सुपरवायझरला लगेच सांगायचा. मधल्या वेळात शुद्ध ऑक्सिजन आणि मग चेंबर, म्हणजे माणसाला पुन्हा दाबाखाली ठेवायची बंद टाकी. नेहमीच्या उपचाराचा तक्ता ६ हा १८ मीटरच्या दाबावर सुरू होतो आणि ४ तास ४५ मिनिटं चालतो. चेंबर जागेवर आहे की दोन तासांवर, हे कामावर पहिल्या दिवशी विचारा.

प्रशाला बघायला जाल तेव्हा इमारत आणि फोटो बघू नका. विचारा की एका विद्यार्थ्याचे हेल्मेट घालून तळावरचे तास किती होतात, एका हॅटमागे किती विद्यार्थी, चेंबर चालू आहे का आणि प्रत्येकाला तो चालवायला मिळतो का, शून्य दृश्यमानतेत किती डाइव्ह होतात. सगळं तलावातल्या निळ्या पाण्यात शिकवत असतील तर ते तुम्हाला अर्धंच शिकवत आहेत. बोल्ट लावायचा फ्लँज आधी जमिनीवर, मग पाण्यात उजेडात, मग काच काळी करून, असा क्रम असला पाहिजे.

पहिलं वर्ष टेंडरचं

इथे टेंडर म्हणजे निविदा नव्हे. डायव्हरची नळी हातात धरणारा माणूस. नवा डायव्हर जवळजवळ सगळीकडे इथूनच सुरुवात करतो, आणि ज्याला हे कमीपणाचं वाटतं तो टिकत नाही. नळी इतकी सैल नको की ती पाइलभोवती (तळात ठोकलेल्या खांबाभोवती) गुंडाळेल आणि इतकी ताठ नको की डायव्हर ओढला जाईल. बोलण्याची तार गेली तर हातातल्या झटक्यांवर काम चालतं. अमेरिकन नौदलाच्या संकेतांत डायव्हरकडून चार झटके म्हणजे वर ओढा, दोन-दोन-दोन म्हणजे अडकलोय, मदत हवी, तीन-तीन-तीन म्हणजे अडकलोय पण मीच सोडवतो, आणि चार-चार-चार म्हणजे ताबडतोब वर ओढा. कामावर गेल्यावर तिथले संकेत पुन्हा विचारून घ्या. दोन देशांत ते सारखे नसतात.

किमान संघ म्हणजे सुपरवायझर, डायव्हर, स्टँडबाय आणि टेंडर. समुद्रातल्या कामाला त्याहून जास्त. स्टँडबाय म्हणजे फक्त हॅट घालायची बाकी असलेला माणूस, चहा प्यायला गेलेला नव्हे. तीनच माणसं घेऊन ‘छोटंसं काम आहे, पटकन बघून ये’ म्हणणाऱ्याकडे उतरू नका.

माणसं कशाने मरतात

पाण्याखालच्या बांधकामात सगळ्यांत फसवा धोका शार्क किंवा खोली नाही, दाबाचा फरक आहे. इंग्रजीत त्याला डेल्टा-पी म्हणतात. धरणाचं दार, मोरी, पंपाचं तोंड, कोरडा केलेला कॉफरडॅम (कामासाठी पाणी अडवणारी तात्पुरती भिंत), कुठेही दोन बाजूंच्या पाण्याची पातळी वेगळी असेल तिथे तो असतो.

एक हिशोब करून बघा. पातळीत ४ मीटरचा फरक, भिंतीत ३० सेंटीमीटर बाय ३० सेंटीमीटरचं भोक. डायव्हरच्या अंगाने ते बंद झालं तर त्याच्यावर ३६० किलोचा दाब बसतो. चार माणसांनी ओढून तो सुटत नाही. आता याची वाईट बाजू: त्या भोकातून पाणी सेकंदाला जवळपास ९ मीटरने जातं, पण भोकापासून अर्ध्या मीटरवर ते सेकंदाला ३० सेंटीमीटर असतं आणि एक मीटरवर फक्त ८. म्हणजे एक हात लांब असेपर्यंत काहीच जाणवत नाही, आणि जाणवतं तेव्हा हात आत गेलेला असतो. गढूळ पाण्यात आधी कळायचा प्रश्नच नाही.

म्हणून जवळ जाऊन बघू हा उपाय नसतो. शक्य असेल तर दोन्ही बाजूंची पातळी समान करायची. नसेल तर दारं, पंप, व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावायचं, खूणचिठ्ठी बांधायची आणि चावी सुपरवायझरच्या खिशात ठेवायची. नियंत्रण कक्षातल्या माणसाच्या तोंडी आश्वासनावर कोणी उतरायचं नाही. त्यानंतरही गळती आहे का ते डायव्हर न पाठवता तपासायचं: काठीला बांधलेलं फडकं, रंग, किंवा दूरनियंत्रित कॅमेरा. आणि अंबिलिकल धोक्यापर्यंत पोचणारच नाही एवढीच सोडून बांधून टाकायची. जहाजाच्या थ्रस्टरसाठी (बाजूला ढकलणाऱ्या पंख्यासाठी) ५ मीटर आधी थांबवायचा नियम याच विचारातून आला. माणूस अडकलाच तर पहिली धाव पातळी समान करण्याकडे. क्रेनने ओढल्यास माणूस तुटतो, आणि दुसरा डायव्हर त्याच बाजूने पाठवला तर तोही तिथे जाऊन चिकटतो.

मुलाखतीत हा विषय निघाला नाही तर तुम्हीच काढा. ‘तुमच्या कामावर कुलूप कोण लावतं?’ या एका प्रश्नाच्या उत्तरावरून कंत्राटदार कसा आहे ते कळतं.

अवजारं आणि काम

काँक्रीट ओतण्याच्या कामात डायव्हर बहुतेक वेळ तयारीत घालवतो: एअरलिफ्टने (हवेच्या जोरावर गाळ वर ओढणाऱ्या पाइपाने) तळ साफ करणं, शटरिंगच्या खालच्या कडेच्या फटी ग्राउटच्या पिशव्यांनी बंद करणं, सळयांचं अंतर चाचपून मोजणं. काँक्रीट ट्रेमी पाइपने (वरून तळापर्यंत उभ्या सोडलेल्या पाइपाने) जातं, आणि पाइपाचं तोंड ताज्या काँक्रीटमध्ये किमान एक ते दीड मीटर बुडालेलं राहिलं पाहिजे. ते बाहेर आलं की पाणी आत शिरतं, सिमेंट धुऊन जातं आणि त्या पातळीवर कमकुवत थर राहतो जो वरून कधीच दिसत नाही. ओतकाम चालू असताना शटरच्या आत डायव्हर नसावा.

एअरलिफ्ट दिसायला भोळा असतो. त्याचं तोंड चोंदलं की पाइप हवेने भरतो आणि तरंगत वर सुटतो, धरलेल्या माणसासकट. म्हणून त्याला वजन बांधायचं आणि हवेचा व्हॉल्व्ह डायव्हरच्या हाताशी ठेवायचा. उचलण्याच्या पिशव्यांचंही तसंच. एक घनमीटर हवा साधारण एक टन उचलते, पण गाळात रुतलेली वस्तू सुटेपर्यंत हलत नाही. म्हणून माणूस आणखी हवा भरतो, आणि सुटल्यावर ती उसळते. १० मीटरवरून वर येताना पिशवीतली हवा दुप्पट होते. आधी जेटने गाळ मोकळा करा, मग भरा, आणि खाली धरणारी दोरी ठेवा.

उच्च दाबाच्या वॉटर जेटची जखम बाहेरून टोचल्याएवढी दिसते आणि आत खोल घाण पाणी गेलेलं असतं. ती साधी जखम म्हणून कोणी पट्टी बांधून सोडू नये, थेट रुग्णालय.

पोलाद कापण्यासाठी पोकळ एक्झोथर्मिक (स्वतःच्या उष्णतेने जळत राहणाऱ्या) कांड्या वापरतात. आतून ऑक्सिजन जातो आणि एकदा पेटली की वीज बंद केली तरी कांडी जळत राहते. धोका शॉकपेक्षा स्फोटाचा जास्त. कापताना निघालेला वायू आणि न जळालेला ऑक्सिजन बंद पोकळीत, पाइलच्या आत, गाळाखाली साठतो आणि पुढच्या ठिणगीला फुटतो. कापण्याआधी वायू बाहेर जायला वर भोक हवं, आणि पलीकडे काय आहे ते माहीत हवं.

आता तुमचं वेल्डिंग. पाण्यातलं थेट वेल्डिंग एडब्ल्यूएस डी३.६एम या अमेरिकन वेल्डिंग मानकानुसार होतं आणि त्याची चाचणी वेगळी द्यावी लागते. जमिनीवरचं प्रमाणपत्र धरत नाहीत. फक्त डीसी वापरायचा, एसी कधीही नाही. सर्किटमध्ये नाइफ स्विच (वीज तोडणारा पात्याचा खटका) असतो, तो डायव्हरने सांगितल्यावरच वरचा माणूस लावतो, आणि सांगितल्याबरोबर उघडतो. प्रत्येक वेळी ऐकलेला हुकूम परत उच्चारायचा. कांडी आणि अर्थ क्लॅम्प यांच्या मधे डायव्हरने कधीच यायचं नाही. पाणी सांध्याला झटकन थंड करतं, त्यामुळे पोलाद कडक होतं आणि हायड्रोजनच्या भेगा पडतात. कार्बन इक्विव्हॅलंट (पोलाद किती कडक होईल याचा रचनेवरून काढलेला आकडा) ०.४ च्या वर असलेल्या पोलादात तर हमखास त्रास. तुमचा हात जमिनीवर पक्का असेल तर शिकायला वेळ कमी लागेल हे खरं, पण बांधकामावरच्या डायव्हरच्या महिन्यात वेल्डिंगचे दिवस थोडेच निघतात. बोल्ट, साखळ्या, गाळ, पिशव्या आणि मोजमाप यांतच बाकीचा महिना जातो.

कार्डाला जोडायच्या गोष्टी

प्रथमोपचार आणि ऑक्सिजन देण्याचं प्रशिक्षण लागतंच. डायव्हर मेडिक (डायव्हरवर जागेवर उपचार करायचं प्रशिक्षण) ही त्यापुढची पायरी, आणि ज्याच्याकडे ती आहे त्याला कामावर घेताना प्राधान्य मिळतं. तपासणीच्या कामात जायचं असेल तर सीएसडब्ल्यूआयपी ३.१यू हे तपासणी डायव्हरचं प्रमाणपत्र: नजरेने निरीक्षण, जाडी मोजणं, कॅथोडिक संरक्षणाचं (गंज रोखणाऱ्या विद्युत व्यवस्थेचं) वाचन. बांधकामाच्या माणसाला स्लिंगिंग-रिगिंगचं प्रमाणपत्र मात्र सगळ्यांत लवकर पैसे परत देतं, कारण क्रेनचा भार पाण्यात घेणारा तुम्हीच असता.

सुपरवायझर व्हायची घाई करू नका. तिथे डाइव्हची संख्या, पॅनलवरचे तास आणि परीक्षा लागते, आणि ब्रिटनच्या नियमांत प्रत्येक कामावर सुपरवायझरची नेमणूक लेखी करावी लागते. जबाबदारी इतकी असते की चांगले डायव्हर कित्येकदा ती नाकारतात.

कोर्स सुरू झाल्या दिवसापासून लॉगबुक नीट ठेवा. खोली, तळावरची वेळ, तक्ता, थांबे, वापरलेलं हेल्मेट आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे काय काम केलं ते. ‘पुलाच्या पायाची पाहणी’ असं लिहिलेली नोंद पुढच्या कंत्राटदाराला काहीच सांगत नाही. ‘८ मीटर, दृश्यमानता शून्य, पायाभोवतीची धूप मोजली, हायड्रॉलिक इम्पॅक्ट रेंचने २४ बोल्ट बदलले, ९५ मिनिटं’ अशी नोंद, खाली सुपरवायझरची सही आणि शिक्का. ब्रिटनमध्ये शेवटच्या नोंदीपासून किमान दोन वर्षं ती वही जपून ठेवायची असते. तुम्ही ती कायमची ठेवा, आणि प्रत्येक पानाचा फोटो वेगळ्या जागी ठेवा, कारण बार्जवर वह्या भिजतात.